‘कितीला बंद पडलं?’ नर्सिंग लायसन्स परीक्षेचे क्लास घेणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचं लायसन्स मिळवण्यासाठीच्या परीक्षेचा, नापासाचा निकाल हातात आल्यावर अकराव्या दिवशी मी क्लासला परत आले. मला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘कितीला बंद पडलं?’ म्हणजे कितव्या प्रश्नाला कंप्युटरने परीक्षा थांबवली. मी म्हटलं, एकशे बत्तीसला. ‘अगं, मग थोडक्यात गेलं की! सगळं एकदा पहिल्यापासून करू, होऊन जाईल.’ झालं. त्याच आठवड्यात मी नव्या बॅचच्या मुलींच्या मागे, शेवटच्या बाकावर बसून फार्माकॉलॉजीचं पहिलं लेक्चर पुन्हा ऐकत होते. पर्समध्ये माझा रिपोर्ट होता, चार घड्या घातलेला. तो कोणी मागितला नाही. मीही काढला नाही.

त्या क्लासचं नाव मी लिहिणार नाही. एका क्लासशी माझं भांडण नाही आणि तिथले सर मनाने चांगले आहेत, पहाटे पाचला मेसेज केला तरी उत्तर द्यायचे. पण नंतर मी इतर ठिकाणच्या नापास झालेल्या बऱ्याच जणींशी बोलले आणि सगळीकडे तीच गोष्ट ऐकली: आकडा विचारला, धीर दिला, पुढच्या बॅचला बसवलं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

माझी दुसरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. मुद्दाम आत्ताच लिहिते आहे. पास झाल्यावर लिहिलं तर त्याची यशोगाथा होते आणि पुन्हा नापास झाल्यावर लिहिलं तर रडगाणं. दोन्ही तुम्ही भरपूर ऐकली असतील.

आधी त्या आकड्याबद्दल. ही परीक्षा १९९४ सालापासून कंप्युटरवर आहे आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा निघतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवता. एप्रिल २०२३पासून कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, त्यातले १५ प्रश्न नुसते चाचपणीचे, गुणांत न धरले जाणारे. कंप्युटर प्रत्येक उत्तरानंतर तुमच्या कुवतीचा नव्याने अंदाज घेतो आणि तुम्हाला बरोबर येण्याची शक्यता साधारण निम्मी असेल असा पुढचा प्रश्न काढतो. तुम्ही पास व्हायच्या पातळीच्या वर आहात की खाली, याची त्याला ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो. म्हणजे ८५ला बंद पडलेली पास असू शकते आणि नापासही. १५०ला बंद पडलेलीचंही तेच. हे सगळं फळ्यावर शिकवून झाल्यावर तुम्हीच परीक्षेहून आलेल्या मुलीला दारात ‘कितीला?’ म्हणून विचारता, याची मला गंमत वाटते.

तरी आकडा अगदीच निरुपयोगी असतो असं मी म्हणणार नाही. १३२चा अर्थ असा की कंप्युटरला बराच वेळ माझा निर्णय लागत नव्हता. मी रेषेच्या आसपास घुटमळत होते. अशा मुलीला बहुतेक सगळं येत असतं, फक्त कुठेतरी गळती असते. आणि गळती शोधायची तर टाकी पहिल्यापासून पुन्हा भरून काय होणार?

गळती कुठे आहे ते त्या घडी घातलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. नापास झालेल्यांनाच मिळणारा हा कॅन्डिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट. पास होणाऱ्यांना तो मिळत नाही, त्यामुळे क्लासच्या भिंतीवर ज्यांचे फोटो लागतात त्यांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. त्यात मार्क नसतात. परीक्षेचे जे आठ भाग आहेत त्या प्रत्येकासमोर तीनपैकी एक शेरा असतो: पातळीच्या वर, पातळीजवळ, पातळीच्या खाली. माझ्या रिपोर्टवर औषधांच्या भागासमोर होतं ‘वर’. आणि ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’, म्हणजे कुठलं काम कोणी आणि आधी काय करायचं ते ठरवण्याचा भाग, त्याच्यासमोर ‘खाली’.

आता मी कुठल्या लेक्चरला बसले होते ते पुन्हा वाचा. बीटा ब्लॉकर, एस इनहिबिटर, डिजॉक्सिन आणि पोटॅशियम, हेपरिनला प्रोटामीन, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के. सहा आठवडे. हे मला झोपेत येतं. सर्जिकल वॉर्डात नऊ वर्षं काढलेल्या सिस्टरला ते येणारच. त्या काळात माझे मॉक टेस्टचे टक्के छान वाढले, सरांनी ग्रुपवर कौतुकही केलं आणि मलाही बरं वाटलं. येतं तेच पुन्हा करायला सगळ्यांनाच बरं वाटतं. आणि ज्या मॅनेजमेंट ऑफ केअरला २०२३च्या आराखड्यात १५ ते २१ टक्के, म्हणजे आठही भागांत सगळ्यांत मोठा वाटा होता, तो भाग बॅचच्या शेवटी दोन रविवारांत उरकला गेला. ‘हे कॉमन सेन्सचं आहे, घरी वाचा.’

कॉमन सेन्स कोणाचा, हाच तर घोळ आहे.

यातला एक प्रश्न जरा जवळून दाखवते. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, त्यामुळे हा सरावातला, आणि असा प्रश्न प्रत्येक पुस्तकात सापडेल. चार कामं दिली आहेत, मदतनिसाकडे कुठलं सोपवाल? एक, ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटला पहिल्यांदा उठवून चालवणं. दोन, दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेल्या, स्थिर असलेल्या पेशंटला बाथरूमपर्यंत नेणं. तीन, घरी जाणाऱ्या पेशंटला इन्सुलिन कसं घ्यायचं ते समजावणं. चार, ताप उतरायचं औषध दिल्यावर फरक पडला का ते ठरवणं. उत्तर दुसरं. तपासणी, शिकवणं, परिणाम ठरवणं आणि जिथे डोकं वापरून निर्णय घ्यायचा ते सगळं नोंदणीकृत परिचारिकेने स्वतःकडे ठेवायचं. पहिल्यांदा उठताना चक्कर येऊ शकते, बीपी पडू शकतं, म्हणून तेही तिनेच करायचं. कळल्यावर सोपं आहे. पण माझ्या नऊ वर्षांत कामाची वाटणी अशी कधी झालीच नाही. जो मोकळा असेल तो करतो. पेशंटला पहिल्यांदा उठवायला वॉर्डबॉय असतो, नाहीतर त्याचा मुलगा. सांगायचं ते डॉक्टर राउंडला सांगतात. मी पहिला पर्याय निवडला होता, आणि माझ्या वॉर्डाच्या हिशेबाने तो चूक नव्हता.

हे मला क्लासमध्ये कळलं नाही. माझ्याबरोबर नाइट करणाऱ्या एका सिस्टरमुळे कळलं. ती ही परीक्षा देत नाही, द्यायची तिला इच्छाही नाही. एका रात्री वॉर्ड शांत होता, तिने माझा मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, तू प्रश्न मोठ्याने वाच, आणि डोक्यात काय चाललंय तेही मोठ्याने बोल. मला आधी हसू आलं. वीसेक प्रश्न झाले असतील. ती मध्ये काहीच बोलली नाही, शेवटी एवढंच म्हणाली, ‘तुला माहितीये का, दर तिसऱ्या प्रश्नाला तू म्हणतेस, पण हे तर डॉक्टर ठरवतील.’

मला खरंच माहीत नव्हतं.

त्या वीसमधला एक प्रश्न असा होता. मणक्याला वर, टी-६च्या (छातीच्या भागातल्या सहाव्या मणक्याच्या) वरच्या भागात इजा झालेला पेशंट. एकाएकी डोकं फुटतंय म्हणून सांगतो, चेहरा लालबुंद, घाम, बीपी २१० वर ११०. सगळ्यांत आधी काय कराल? मी मोठ्याने म्हटलं, ‘बीपी एवढं आहे म्हणजे डॉक्टरांना कळवायचं आणि बीपीचं औषध.’ या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात हे मला येत होतं. कारण बहुतेक वेळा भरलेलं मूत्राशय किंवा पिळा पडलेली कॅथेटरची नळी असते हेही येत होतं. पाठ होतं. पण त्याला आधी उठवून बसवायचं म्हणजे बीपी थोडं उतरेल, मग कपडे सैल करायचे, नळी बघायची, आणि यातल्या कशासाठीही कोणाची परवानगी लागत नाही, हे माझ्या हातांपर्यंत पोचत नव्हतं. तिथे फार्माकॉलॉजीची शंभर लेक्चरं लावली असती तरी फरक पडला नसता.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही शिकवतो की. ‘डॉक्टरांना कळवा’ हे उत्तर कधीच बरोबर नसतं, हा तर आमचा पहिला नियम. तोच नियम माझ्या दुसऱ्या चुकांचं कारण निघाला. पायाला प्लास्टर घातलेला पेशंट, दुखणं औषधाने अजिबात कमी होत नाही, बोटं हलवली की जीव जातो, मुंग्या येताहेत. हा कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आतला दाब वाढून पायाचा रक्तपुरवठा तुटणं, असू शकतो आणि इथे लगेच कळवायचंच असतं, कारण प्लास्टर फोडायचं की शस्त्रक्रिया करायची हे सिस्टरच्या हातात नाही आणि काही तासांत पाय जाऊ शकतो. मी तिथे ‘पाय उशीवर उंच ठेवा’ लिहून आले. तेही चूकच, अशा वेळी पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा असतो. तुमच्या नियमाने मला आधीच्या चुकीतून सोडवून नव्या चुकीत नेऊन बसवलं. मी आता स्वतःला एवढंच विचारते: याला लगेच मदत होईल असं माझ्या अधिकारातलं काही उरलंय का? उरलं असेल तर ते आधी. नसेल तर फोन.

नियमांचा विषय निघालाच आहे तर ‘सिलेक्ट ऑल’बद्दल, म्हणजे जेवढे पर्याय बरोबर तेवढ्या सगळ्यांवर खूण करायच्या प्रश्नांबद्दल, बोलून घेते. ‘एकच पर्याय कधी बरोबर नसतो, सगळेच्या सगळे कधी बरोबर नसतात, तीन किंवा चार धरून चला.’ हे मी दोन वेगवेगळ्या क्लासमध्ये ऐकलं. परीक्षा घेणारी संस्था, नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग, स्वतः सांगते की बरोबर पर्याय एकही असू शकतो आणि सगळेही. शिवाय २०२३पासून गुण देण्याची पद्धत बदलली. पूर्वी एक पर्याय चुकला की अख्खा प्रश्न गेला. आता बरोबर खुणेला एक गुण मिळतो, चुकीच्या खुणेला एक कापला जातो, शून्याच्या खाली मात्र जात नाही. म्हणजे खात्री नसताना आकडा जुळवायला म्हणून केलेली चौथी खूण कमावलेला गुण परत देऊन येते. नव्या मुलींना हे नियम फारसे बाधत नसतील, त्या पुस्तकातून ताज्या असतात. आमच्यासारख्या अनुभवी बायकांना युक्त्या फार आवडतात, कारण वेळ नसतो. ड्युटी, घर, आणि रात्री अकरानंतर अभ्यास. त्यात कोणी म्हणालं की हे पाच नियम लक्षात ठेवा, तर आम्ही ते देवाचा प्रसाद असल्यासारखे घेतो. म्हणून जरा जपून द्या.

आता एक कबुली, आणि ही सगळ्या सिस्टरांच्या वतीने नाही, माझी एकटीची. चार्टवर श्वासांची नोंद मी वर्षानुवर्षं ‘२०’ अशी करत आले. टेंपरेचर घेतलं, नाडी मोजली, बीपी घेतलं, आणि श्वास २०. कोण पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहणार? नव्या पद्धतीच्या केस स्टडीमध्ये पेशंटचा चार्ट समोर येतो, नर्सच्या नोंदी, व्हायटल्स, लॅबचे रिपोर्ट, सगळं वेगवेगळ्या टॅबमध्ये. एकाच पेशंटवर सहा प्रश्न, असे निदान तीन पेशंट. पहिला प्रश्न बहुतेक असाच: यातलं काय तुमचं लक्ष वेधून घेतं? मग त्याचा अर्थ काय, सगळ्यांत धोक्याचं काय, करता काय येईल, आधी काय कराल, आणि केलेल्याचा उपयोग झाला का. माझ्या पहिल्या परीक्षेच्या तयारीत अशा एका सरावाच्या केसमध्ये श्वास २८ होते आणि मी तो आकडा पाहिलाच नाही. डोळा त्यावरून घसरला. अर्थात घसरणारच, नऊ वर्षं त्या रकान्यात २० सोडून मी काही पाहिलं नव्हतं.

रॅशनल, म्हणजे उत्तराखाली दिलेलं स्पष्टीकरण, वाचून ही चूक कळत नाही, सर. रॅशनलमध्ये लिहिलेलं असतं की २८ हे वाढलेलं आहे. ते मला कोणी सांगायला नको होतं. मी ते का पाहिलं नाही, हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

म्हणून आता मी एक वही ठेवली आहे. पूर्वीच्या वहीत बरोबर उत्तरं उतरवायचे, रंगीत पेनांनी, फार सुंदर वही होती ती. या वहीत चुकलेला प्रश्न दोन शब्दांत आणि त्यापुढे ‘मी जे निवडलं ते का निवडलं’. बस. पंधरा दिवसांत लक्षात आलं की ‘माहीत नव्हतं’ हे कारण फार थोड्या ओळींपुढे आहे. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे पुन्हा पुन्हा येतं. ‘घाईत शेवटची ओळ वाचली नाही’ हे येतं. ‘दोन राहिले होते, बरोबर खोडलं’ हे इतक्यांदा आलं की शेवटी मी त्यासाठी नुसती फुली मारायला लागले. आणि एक कारण लिहायला लाज वाटत होती, तरी लिहिलं: ‘उत्तर इतकं साधं असेल असं वाटलं नाही.’ पेशंटला उठवून बसवणं हे कुठल्याही अभ्यासू बाईला परीक्षेचं उत्तर वाटत नाही.

आणि दुसरं, मी ड्युटीवर श्वास मोजायला लागले. पूर्ण मिनिट. पहिल्या आठवड्यात एका पेशंटचे २६ निघाले. हँडओव्हरला ‘ओके आहे’ म्हणून मिळालेला पेशंट होता. पुढचं काय ते इथे सांगत नाही, पण त्या रात्री मी परीक्षेचा अभ्यास केला की ड्युटी केली, हे मला वेगळं सांगता येत नव्हतं.

४५ दिवसांबद्दलही थोडं. पुन्हा बसायला मध्ये निदान ४५ दिवस जावे लागतात. तो सगळ्यांत लवकरचा दिवस आहे, पण तुमच्यातले बरेच जण तो मुहूर्त असल्यासारखा सांगता: ‘सेहेचाळिसाव्या दिवशी बसा, विसरायच्या आत.’ ज्यांना खरोखर विसरण्याची भीती आहे त्यांनी बसावं. मी पहिले दहा-बारा दिवस काही केलं नाही. पुस्तक उघडलं की त्या हॉलमधला पडदा आठवायचा, एकशे बत्तिसावा प्रश्न आणि मग एकदम काहीच नाही. त्या दिवसांत क्लासला येऊन बसले हीच माझी चूक होती, तुमची नव्हे. पण तुम्ही म्हणू शकला असता की घरी जा, झोप काढ, दोन आठवड्यांनी तो रिपोर्ट घेऊन ये. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, परीक्षेला बसायची नवी परवानगी, आणि त्या परवानगीची मुदत वाढवून मिळत नाही, या सगळ्याची घाई आम्हाला असतेच. निदान तुम्ही तरी त्यात भर घालू नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तीनदा नापास झालेल्या उमेदवाराला चौथ्यांदा बसण्याआधी तिथल्या नर्सिंग बोर्डाने मान्य केलेला सुधारणेचा वेगळा कोर्स करावाच लागतो. म्हणजे नेहमीच्या वर्गात पुन्हा बसवून भागत नाही, हे एका राज्याने कायद्यात लिहून ठेवलं आहे. मला विचाराल तर तीनदा नापास होईपर्यंत थांबायचंही कारण नव्हतं.

पहिल्यांदा बसणाऱ्यांच्या मानाने पुन्हा बसणाऱ्यांचा निकाल दरवर्षी बराच खाली लागतो, हे आकडे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बारकाईने बघता. त्याची कारणं पुष्कळ असतील. काही जणींचा पाया खरोखर कच्चा असतो आणि त्यांना पहिल्या पानापासूनच जावं लागतं, तेही मी मान्य करते. माझ्या बरोबरच्या एकीच्या रिपोर्टवर आठपैकी सहा ठिकाणी ‘खाली’ होतं. तिला तुमची पूर्ण बॅच हवीच होती. पण तिला आणि मला एकाच बाकावर बसवून एकच लेक्चर दिलं गेलं. वॉर्डात दोन पेशंटना ताप आहे म्हणून आपण दोघांना न बघता एकच इंजेक्शन देत नाही.

मग मागणी काय? फार मोठी नाही. पुन्हा बसणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी एक तास द्या, एकटीला. रिपोर्ट समोर ठेवा. मग तिला वीस प्रश्न मोठ्याने सोडवायला लावा आणि तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यांत कठीण जाईल, मला माहीत आहे, शिकवणाऱ्याला चूक ऐकून गप्प बसवत नाही. पण तिचं चुकीचं उत्तर ऐकण्यापेक्षा ती तिथवर कुठल्या वाटेने गेली ते ऐका. त्यानंतर ठरवा की तिला लेक्चर हवीत की नकोत. नको असतील तर तसं सांगा आणि बॅचची फी घेऊ नका. हे लिहायला सोपं आहे, तुमचंही पोट आहे, ठाऊक आहे मला. त्या एका तासाची फी मात्र जरूर घ्या, मी आनंदाने भरली असती.

आणि ग्रुपबद्दल एक. निकालाच्या दिवशी पास झालेल्यांचे फोटो, फुलं, टाळ्या, ते असू द्या, त्यांनी कष्ट केलेत. पण त्याच दिवशी ग्रुपमधून कोण कोण गुपचूप बाहेर पडलं तेही बघत जा. मी रात्री साडेबाराला बाहेर पडले होते. ड्युटीवर मैत्रिणींना सांगितलं की तारीख पुढे गेली. त्या दिवशी तुमचा एक फोन आला असता, धीर देणारा नाही, नुसता ‘रिपोर्ट आला का? आला की बघू’ एवढाच, तर त्या कागदाला चार घड्या पडल्या नसत्या.

कागद आता सरळ केला आहे. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे, घड्यांच्या रेघा तेवढ्या दिसतात. उद्यापासून तीन नाइट आहेत, मग दोन दिवस सुट्टी, त्यात एक अख्खा पाच तासांचा पेपर घड्याळ लावून सोडवणार आहे. पहिल्या वेळी दोन तासांनी पडद्यावर विश्रांतीबद्दल विचारलं तेव्हा मी नको म्हटलं होतं, कारण विश्रांतीचा वेळ त्या पाच तासांतच मोजला जातो. या वेळी उठून पाणी पिऊन येणार आहे. शंभराव्या प्रश्नानंतर माझी वाक्यं अर्धी वाचली जातात, हेही वहीतच सापडलं.

तुमच्या पुढच्या बॅचला एखादी सिस्टर नाहीतर ब्रदर शेवटच्या बाकावर येऊन बसेल, वयाने बाकीच्यांपेक्षा थोडी मोठी, वही कोरी, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तिच्याकडे कागद असतो. मागून घ्या. ती आपण होऊन काढणार नाही.

आपली,
मागच्या बॅचमधली, शेवटच्या बाकावरची एक सिस्टर